क्वादींच्या मुलखात पडलेला पाऊस कोणत्या देवाचा?

रोममधल्या पियात्सा कोलोना या चौकात सम्राट मार्कस ऑरेलियसचा संगमरवरी स्तंभ आहे. उंची सुमारे ३० मीटर. त्याच्याभोवती खालून वर वेटोळे घेत एक शिल्पपट्टी चढत जाते आणि डॅन्यूब नदीपलीकडच्या मोहिमांची कथा सांगते. नदी ओलांडणारं सैन्य, पेटवलेली गावं, बांधून नेलेल्या बायका, मुंडकी छाटलेले कैदी, सगळं तिच्यावर आहे. रोमनांनी आपलं क्रौर्य लपवलेलं नाही, उलट मिरवलं आहे.

या पट्टीत पहिल्या काही वेटोळ्यांतच एक आकृती अशी येते की तिच्यापुढे बाकीची माणसं बाहुल्यांसारखी वाटतात. पंख असलेला, दाढीवाला एक प्रचंड म्हातारा हात पसरून आडवा तरंगतो आहे. त्याच्या दाढीतून, हातांवरून आणि पंखांवरून पाण्याच्या धारा गळताहेत. एका बाजूला रोमन सैनिक आहेत. दुसऱ्या बाजूला पाण्याच्या लोंढ्यात एकमेकांवर पडलेली माणसं आणि घोडी आहेत. इतिहासात ही घटना ‘पावसाचा चमत्कार’ म्हणून ओळखली जाते. काळ साधारण इ.स. १७२. काही अभ्यासक ती १७३ किंवा १७४ ची मानतात.

हा म्हातारा कोण, ते स्तंभावर लिहिलेलं नाही. पुढच्या हजार वर्षांत इजिप्शियन पुजारी, रोमन दरबार, ख्रिस्ती धर्मगुरू आणि मंत्रतंत्राचे अभ्यासक असे सगळेच हा पाऊस आमच्यामुळे पडला म्हणून भांडले. पाऊस कसा पडला यापेक्षा हे भांडण जास्त रंजक आहे आणि रोमन सरहद्दीवरच्या दैवी चमत्कारांच्या कथा कशा तयार होत, हे त्यातून चांगलं कळतं.

आधी युद्धाबद्दल थोडं

मार्कस ऑरेलियस इ.स. १६१ मध्ये गादीवर आला. स्वभावाने तो तत्त्वचिंतक होता, लष्कराचा अनुभव शून्य. पाच-सहा वर्षांतच पूर्वेकडच्या युद्धातून परतलेल्या सैन्याबरोबर साम्राज्यात भयंकर साथ आली. नेमक्या त्याच काळात डॅन्यूबच्या उत्तरेकडच्या मार्कोमानी, क्वादी वगैरे टोळ्या सरहद्द फोडून आत घुसू लागल्या. इ.स. १७० च्या आसपास त्या थेट उत्तर इटलीत, आक्विलेया शहराच्या वेशीपर्यंत पोहोचल्या. इटलीच्या भूमीवर परकी फौज हा प्रकार रोमनांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिलेला नव्हता.

मग देव पाण्यात ठेवणं आलंच. मार्कसने ठिकठिकाणचे पुजारी बोलावले, परकी विधीसुद्धा करवून घेतले, देवांच्या मूर्ती आसनांवर मांडून त्यांना सात दिवस मेजवानी दिली. खजिना रिकामा होता म्हणून राजवाड्यातली भांडी, जवाहीर, बायकोची रेशमी वस्त्रं काढून ट्राजनच्या चौकात लिलाव मांडला.

याच युद्धातली एक गोष्ट उपहासकार लुशियनने नोंदवली आहे. आबोनोतिकस गावच्या अलेक्झांडर नावाच्या एका बुवाने आपल्या नागदेवतेचा कौल पाठवला : सुगंधी द्रव्यांसह दोन सिंह डॅन्यूबमध्ये सोडा, विजय मिळेल. सिंह सोडले गेले. ते पोहत पलीकडे गेले आणि तिकडच्या लोकांनी त्यांना परदेशी जातीचे कुत्रे किंवा लांडगे समजून सोट्यांनी मारून टाकलं. त्यानंतरच्या लढाईत सुमारे २०,००० रोमन सैनिक पडले. बुवाचा खुलासा असा की देवाने विजय होईल म्हटलं होतं, कोणाचा ते सांगितलं नव्हतं. लुशियन त्या बुवाचा हाडवैरी होता, तेव्हा यातलं मीठमसाल्याचं प्रमाण ज्याने त्याने ठरवावं. पण सरहद्दीवरची हवा कशी होती, याचा अंदाज येतो. लोक कुठल्याही देवाची, कुठल्याही बुवाची मदत घ्यायला तयार होते.

त्या दिवशी काय झालं

सगळ्यात सविस्तर वर्णन कॅसियस डायो या इतिहासकाराचं आहे. घटना घडली तेव्हा तो लहान वयाचा होता आणि त्याने इतिहास लिहिला तो पुढच्या शतकात. त्याची हकिगत थोडक्यात अशी.

क्वादी हे आजच्या स्लोव्हाकिया आणि मोराविया भागात राहणारे लोक. त्यांनी रोमनांची एक फौज सोयीच्या जागी गाठून वेढली. आणि मग त्यांनी लढणंच थांबवलं. चारी बाजूंनी वाटा बंद होत्या, ऊन रणरणत होतं, रोमनांकडे पाणी नव्हतं, संख्येने क्वादी जास्त होते. नुसतं थांबलं तरी काम होणार होतं. रोमन सैनिक रांगा धरून उन्हात उभे, दमलेले, जखमी, तहानेने व्याकूळ.

अचानक ढग जमले आणि मुसळधार पाऊस सुरू झाला. आधी सगळ्यांनी तोंडं वर करून पाणी प्यायलं. मग ढाली आणि शिरस्त्राणं उलटी धरून त्यांत साठवलं, घोड्यांना पाजलं. तेवढ्यात क्वादी चालून आले. तेव्हा सैनिक एकाच वेळी पीत होते आणि लढत होते. जखमेतलं रक्त शिरस्त्राणातल्या पाण्यात ठिबकत होतं आणि ते तसंच घोटत होते. पाणी पिण्याच्या नादात ते कापलेच गेले असते, पण गारा आणि विजा शत्रूवर कोसळू लागल्या. आकाशातून एकाच वेळी पाणी आणि आग पडत होती. आग रोमनांना शिवत नव्हती आणि पाऊस शत्रूची आग विझवत नव्हता, उलट तेल ओतल्यासारखा भडकवत होता.

हा शेवटचा भाग वाचताना साहजिकच भुवया वर जातात. पण पहिला भाग बघा. रक्तमिश्रित पाणी पिणारा सैनिक हा तपशील कल्पनेतून सुचायला अवघड. तो कोणा हजर असलेल्या माणसाकडून आलेला असावा, असं मला वाटतं.

पाऊस पडला याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. मध्य युरोपात कडक उन्हाळ्याच्या दिवशी तापलेली दमट हवा वेगाने वर चढते आणि दुपारनंतर विजांचा कडकडाट, गारा, कोसळता पाऊस असा सगळा सरंजाम येतो. वादळ दोन्ही सैन्यांवर सारखंच पडतं, मग ते एकाच्या बाजूने लढल्यासारखं का दिसलं? कारण क्वादींचं मुख्य हत्यार ऊन होतं. त्यांचा सगळा बेत रोमनांच्या तहानेवर उभा होता. पाऊस आला तेव्हा रोमनांना जीवदान मिळालं आणि क्वादींचा बेत जागच्या जागी संपला. नेम धरून वीज पडायची गरजच नव्हती. शिल्पकारानेही वीज दाखवलेली नाही, लोंढा दाखवला आहे. (विजेचं वेगळं दृश्य पट्टीवर थोडं आधी आहे. त्यात वीज पडून शत्रूचं वेढ्याचं यंत्र जळतं.)

श्रेय सम्राटाकडे कसं जातं

इथे रोमन व्यवस्थेतली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. रोमनांचं देवांशी नातं बरंचसं नवसाचं होतं. सेनापती रणांगणावर बोलायचा, जिंकलो तर तुझं देऊळ बांधीन. जिंकला की बांधायचा. युद्धाआधी शकुन बघायचा अधिकारही सेनापतीचा. ज्याच्या नावाने शकुन पाहिले, विजय त्याचा, मग तो प्रत्यक्ष मैदानावर असो वा नसो. ऑगस्टसनंतर हा अधिकार व्यवहारात सम्राटाकडे एकवटला. म्हणजे हजार मैलांवरच्या कुठल्या सरदाराने लढाई जिंकली तरी देव प्रसन्न झाले ते सम्राटावर.

क्वादींनी वेढलेल्या फौजेबरोबर मार्कस स्वतः होता का? युसेबियस या ख्रिस्ती इतिहासकाराच्या कालानुक्रमात वेढलेली फौज पेर्तिनाक्स या सरदाराची होती, असं म्हटलं आहे. हाच पेर्तिनाक्स पुढे १९३ साली जेमतेम तीन महिने सम्राट झाला. स्तंभावर पावसाच्या दृश्यातही मार्कस दिसत नाही. तरी डायो सांगतो की सैन्याने मार्कसचा सातव्यांदा विजयी सेनानी म्हणून जयजयकार केला. एरवी सिनेटने ठराव केल्याशिवाय तो असा मान घेत नसे. या वेळी मात्र हा मान देवाकडूनच आला, असं म्हणून त्याने तो स्वीकारला आणि सिनेटला तसं कळवलं. पुढच्या काळात लिहिलेल्या त्याच्या चरित्रात तर पेर्तिनाक्सही नाही आणि सैन्यही नाही. मार्कसने प्रार्थना करून शत्रूच्या यंत्रावर वीज पाडली आणि सैन्याला पाऊस मिळवून दिला, एवढंच उरतं. चौथ्या शतकात थेमिस्तियस नावाचा वक्ता याच प्रसंगाचं आपण पाहिलेलं एक चित्र वर्णन करतो. त्यात सम्राट प्रार्थना करतो आहे आणि सैनिक शिरस्त्राणांत पाणी धरताहेत.

डायोचं उत्तर वेगळं आहे. त्याच्या मते मार्कसबरोबर अर्नूफिस नावाचा एक इजिप्शियन मांत्रिक होता. त्याने हवेचा अधिपती हर्मीस आणि इतर देवतांना आवाहन करून पाऊस पाडला. ही निव्वळ दंतकथा वाटली असती, पण आक्विलेयात एक ग्रीक शिलालेख सापडला. इजिप्तचा पवित्र लेखनिक अर्नूफिस आणि तेरेंतियस प्रिस्कस यांनी देवीला अर्पण केलेली ती वस्तू आहे. आक्विलेया हे या युद्धाचं पिछाडीचं मुख्य ठाणं होतं. म्हणजे माणूस खरा, जागा खरी, काळही जुळतो. शिवाय इ.स. १७३ च्या सुमारास मार्कसच्या नाण्यांवर मर्क्युरीचं देऊळ येतं. रोमनांचा मर्क्युरी म्हणजेच ग्रीकांचा हर्मीस. एखाद्या काळात दरबारात हर्मीसची बाजू वरचढ असावी, असं म्हणायला जागा आहे.

आणि खुद्द मार्कस? त्याने मोहिमेवर असताना स्वतःसाठी लिहिलेली टिपणं आज ‘मेडिटेशन्स’ नावाने जगभर वाचली जातात. पहिल्या भागाशी ‘क्वादींच्या प्रदेशात, ग्रानुआ नदीकाठी’ अशी नोंद आहे. ही नदी म्हणजे स्लोव्हाकियातली आजची ह्रोन. त्याच भागात तो आपल्या लहानपणच्या एका शिक्षकाचे आभार मानतो, कारण मंत्र आणि भूत उतरवण्याच्या गोष्टी सांगणाऱ्या भोंदूंवर विश्वास ठेवू नये हे त्याने शिकवलं. पावसाच्या चमत्काराचा उल्लेख टिपणांत कुठेच नाही. अथेन्सच्या लोकांची एक जुनी प्रार्थना मात्र आहे, आमच्या शेतांवर पाऊस पाड, अशी झ्यूसला घातलेली साधी विनवणी. मार्कस म्हणतो, प्रार्थना करायची तर अशी साधी, मोकळी करावी, नाहीतर करूच नये. अर्नूफिसला बरोबर घेऊन फिरणारा सम्राट हाच का, असा प्रश्न पडतो. पण सम्राटाची खासगी मतं आणि सैन्याचं मनोबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांत्रिकावर स्वतःचा विश्वास नसला तरी छावणीत तो असलेला बरा, हे शहाण्या सेनापतीला कळतं.

ख्रिस्ती दावा, आणि त्यातली मेख

डायोच्या ग्रंथाचा हा भाग मूळ स्वरूपात राहिलेला नाही. आपल्याकडे आहे तो ११ व्या शतकातल्या झिफिलिनस या कॉन्स्टँटिनोपलच्या भिक्षूने केलेला संक्षेप. अर्नूफिसचं नाव येताच या भिक्षूचा संयम सुटतो. मजकूर मध्येच थांबवून तो वाचकाला सांगतो की डायो इथे खोटं बोलतो आहे, बहुधा जाणूनबुजून. त्याच्या मते खरा प्रकार असा : मेलितीन गावाहून आलेलं एक सैन्यदल पूर्णपणे ख्रिस्ती होतं. त्यांनी आपल्या देवाची प्रार्थना केली, पाऊस पडला, विजा कोसळल्या आणि म्हणून मार्कसने त्या दलाला ‘वज्रधारी’ हे नाव दिलं.

ही कथा त्याने स्वतः रचलेली नाही. घटनेनंतर काही वर्षांतच हिएरापोलिसचा बिशप अपोलिनारिस हेच सांगत होता. इ.स. १९७ च्या सुमारास तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने तर मार्कसच्या पत्राचाच हवाला दिला. पुढे कोणीतरी ते पत्रही ‘तयार’ केलं. त्यात सम्राट स्वतः सिनेटला लिहितो की ९,७७,००० शत्रूंनी मला घेरलं होतं आणि माझ्या देवांनी काही ऐकलं नाही. मग मी ख्रिस्ती सैनिकांना बोलावलं. ते जमिनीवर लोटांगण घालून प्रार्थना करू लागले तसा आमच्यावर थंडगार पाऊस आणि शत्रूवर आगीच्या गारा. बनावट कागद ओळखायला कधीकधी आकडाच पुरतो. पावणेदहा लाखांची फौज क्वादींनी खायला काय घातलं असतं?

नावाचा मुद्दा तर सरळ खोटा ठरतो. बाराव्या दलाला, म्हणजे लीजनला, ‘फुल्मिनाता’ हे नाव मार्कसच्या शंभराहून अधिक वर्षं आधीपासून होतं. इजिप्तमधल्या मेम्नॉनच्या प्रचंड पुतळ्यावर या दलाच्या एका अधिकाऱ्याने आपलं नाव कोरून ठेवलं आहे, दलाच्या नावासकट, आणि तेही नीरोच्या काळात. हे दल मेलितीनला, म्हणजे आजच्या पूर्व तुर्कस्तानात, ठाण मांडून होतं. त्याची एखादी तुकडी डॅन्यूबवर आली असणं शक्य आहे, एवढंच म्हणता येतं.

पण या दाव्याला नुसतं थापेबाजी म्हणून उडवून लावणं चूक ठरेल. रोमन सैन्यात ख्रिस्ती सैनिक होते, याचा नवा करार सोडला तर जवळजवळ पहिला पुरावा याच कथेतून मिळतो. ते नसतेच तर इतक्या लवकर असं सांगण्याची हिंमत कोणी केली नसती. त्यांच्यातल्या काहींनी त्या उन्हात आपल्या देवाला हाक मारली असेल आणि पाऊस पडल्यावर ‘आपलंच ऐकलं’ असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं असेल. शेजारच्या रांगेतल्या, रोमनांचा मुख्य देव ज्युपिटर याच्या भक्तालाही तसंच वाटलं असणार.

ख्रिस्ती लेखकांना या कथेची गरजही होती. ‘तुम्ही आमच्या देवांना मानत नाही म्हणून साम्राज्यावर संकटं येतात’ हा आरोप त्यांच्यावर रोज होत असे. आमच्या प्रार्थनेने सम्राट वाचला, हे त्यावरचं बिनतोड उत्तर होतं. युसेबियसच्या चर्चच्या इतिहासात मात्र एक विचित्र शेजार घडला आहे. पाचव्या खंडाची सुरुवात इ.स. १७७ मध्ये लियाँ शहरात ख्रिस्ती लोकांच्या झालेल्या अमानुष छळाने होते. तो छळ मार्कसच्याच राजवटीतला. काही पानं उलटली की लगेच ख्रिस्ती प्रार्थनेने वाचलेला मार्कस येतो.

यानंतर आणखी एक दावेदार उगवला. दहाव्या शतकातल्या बायझंटाइन कोशात खाल्डियन विद्या, म्हणजे बॅबिलोनकडची गूढविद्या, जाणणाऱ्या ज्युलियन नावाच्या सिद्धपुरुषाला श्रेय दिलेलं आहे. त्याच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

पाऊस नेहमी आपल्याच बाजूचा नसतो

डायोच्याच इतिहासात आधी एक जुळी कथा येते. इ.स. ४२ च्या सुमारास होसिदियस गेता हा सेनापती मॉरेतानियात, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या वायव्य भागात, साबालस नावाच्या सरदाराचा पाठलाग करत वाळवंटात शिरला. पाणी संपलं. तेव्हा एका स्थानिक माणसाने त्याला मंत्रतंत्राचा उपाय सुचवला. त्याबरोबर आकाशातून इतकं पाणी कोसळलं की सैन्याची तहान भागली. देव रोमनांना सामील आहेत या समजुतीने शत्रू घाबरला आणि त्याने तह केला. परका मुलूख, तहान, परका मांत्रिक, पाऊस, शत्रूची शरणागती. सांगाडा तोच. क्वादींची हकिगत सांगणाऱ्यांच्या कानावर हा साचा आधीपासून होता. घटना खरी असली तरी ती सांगताना माणूस ओळखीच्या साच्यातच ओततो.

देव रोमनांच्या विरोधात गेल्याच्या कथाही सरहद्दीवर होत्या. इ.स.पू. ९ मध्ये ड्रुसस हा रोमन सेनापती जर्मनीतल्या एल्ब नदीपर्यंत पोहोचला, तेव्हा मानवी आकारापेक्षा मोठी एक स्त्री त्याला आडवी आली. तुझ्या कर्माचा आणि आयुष्याचा शेवट जवळ आहे, मागे फीर, असं तिने सांगितलं. तो फिरला आणि वाटेतच वारला. मोहीम अर्धवट का सोडली, याचं यापेक्षा इभ्रत राखणारं कारण मिळणं कठीण.

आणि इ.स. ९ मध्ये जर्मनीतल्या ट्युटोबर्गच्या अरण्यात व्हारस या रोमन सेनापतीची तीन दलं कापली गेली, तेव्हाही डायोच्या वर्णनात पाऊसच आहे. वाऱ्याने झाडांच्या फांद्या कोसळताहेत, पाय घसरताहेत, भिजून जड झालेल्या ढाली पेलत नाहीत. जर्मनांकडे हलकी शस्त्रं आणि माहितीची वाट. तो पाऊस जर्मनांचा म्होरक्या आर्मिनियस याच्या लोकांना नक्कीच देवाचा प्रसाद वाटला असणार, पण त्यांनी स्तंभ उभारला नाही आणि ग्रंथही लिहिला नाही. रोमनांनी मग अपशकुनांची यादी काढली. मार्सच्या देवळावर वीज पडली होती. जर्मनीत शत्रूकडे तोंड करून उभी असलेली विजयदेवतेची मूर्ती इटलीकडे वळली होती. देवांनी आधीच सूचना दिली होती, आम्हीच दुर्लक्ष केलं. म्हणजे पराभवातही देव रोमनांशीच बोलत होते.

स्तंभावरचा म्हातारा कोण, या प्रश्नाला सर्वमान्य उत्तर नाही. पाऊस पाडणारा ज्युपिटर, असं काही जण म्हणतात. रोमन कवी ओव्हिडने प्रलयाच्या कथेत दक्षिण वाऱ्याचं वर्णन केलं आहे : ओले पंख, पावसाने जड झालेली दाढी, पिकल्या केसांतून वाहणारं पाणी. आकृती त्याच्याशी बरीच जुळते. माझा कल असा आहे की शिल्पकाराने ती मुद्दाम मोघम ठेवली. स्तंभ पूर्ण झाला तो घटनेनंतर काही वर्षांनी, फार तर १९३ पर्यंत. तेव्हा छावणीतले निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या देवांचे सैनिक जिवंत होते. नाव कोरलं असतं तर एकाचाच देव उरला असता.

युद्ध पावसाने संपलं नाही. १७५ मध्ये तात्पुरते तह झाले, मग पुन्हा लढाई पेटली आणि १८० मध्ये मार्कस मोहिमेवर असतानाच वारला. त्याच्या मुलाने, कोमोडसने, टोळ्यांशी तह केला. क्वादींच्या मुलखात रोमन सैन्याने स्वतः कोरलेला एक लेख आजही जागेवर आहे, स्लोव्हाकियातल्या त्रेंचीन किल्ल्याखालच्या कड्यावर, इ.स. १७९-८० च्या हिवाळी तळाचा. दुसऱ्या क्रमांकाच्या दलाचे ८५५ सैनिक तिथे राहिले, असं त्यात आहे आणि लेख करवून घेणाऱ्या सेनाधिकाऱ्याचं नावही आहे. तो अर्पण केला आहे सम्राटांच्या विजयदेवतेला. ‘सम्राटांच्या’ हे अनेकवचन आहे, कारण तोवर कोमोडसही गादीवर बापाचा भागीदार झाला होता.